शेजार

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात मधला भाग इतका मोकळा का, हा प्रश्न मला शाळेपासून पडलेला. छापणाऱ्याची शाई संपली असावी, अशी माझी समजूत. मागच्या वर्षी मुलीकडे ॲडलेडला गेलो आणि जावयानं आम्हां उभयतांना गाडीत घालून नेमकं त्या मोकळ्या जागेत नेलं. तेव्हा पटलं, छापणाऱ्याची चूक नव्हती!

या मुलखाला ‘आउटबॅक’ म्हणतात. तांबडी माती, सरळ रस्ता आणि वर आभाळ. एके ठिकाणी मी विचारलं, “विल्यम क्रीक कधी येणार?”

“हेच की, बाबा!”

वस्ती जेमतेम दहा-बारा माणसांची. आमच्या सोसायटीत पाण्यावरून भांडायला याहून जास्त जमतात. भोवती ॲना क्रीक नावाचं एकच गुरांचं कुरण, जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढं. हॉटेलवाल्यानं जावयाला विचारलं, कुठं चाललात, मुक्काम कुठं, पोचणार कधी? मी मनात म्हटलं, काय मेल्या चांभारचौकशा!

पुढं दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर कूबर पीडी. मूळ रहिवाशांच्या शब्दांवरून पडलेल्या या नावाचा अर्थ ‘गोऱ्या माणसाचं बीळ’ असा सांगतात. १९१५ साली सोनं शोधायला बापाबरोबर आलेल्या चौदा वर्षांच्या पोराला इथं ओपल सापडलं, आणि माणसं उंदरासारखी जमीन पोखरत सुटली. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून घरंही जमिनीत. चर्चसुद्धा जमिनीत! गोल्फ आहे, गवत नाही. खेळणारा हिरवळीचा तुकडा बरोबर बाळगतो. उघड्या खाणींमुळे पाट्या लावल्यात : उलटं चालू नका. आमच्या मुक्कामाची खोलीही भुयारातच. बाहेर भट्टी, आत पंख्याचीही गरज नाही.

ही म्हणाली, “अहो, इथं कपाटासाठी भिंत खणली तर रत्न निघतं म्हणे! आपल्याकडे खिळा ठोकला तर शेजारचे निघतात.”

रात्री खोलीचा फोन वाजला. विल्यम क्रीकचा हॉटेलवाला! “पोचलात ना? नाहीतर शोधायला निघणार होतो.”

जावयानं आभार मानले. मी गप्प. कारण आमच्या समोरच्या ब्लॉकमधले गृहस्थ गेल्या पावसाळ्यात घरातच पडले होते, दोन दिवस. दाराबाहेर पेपर साचत होते. ते मी पाहिले. इतकंच नव्हे, त्यांतला एक शब्दकोड्यासाठी आणलाही. बेल वाजवली ती दूधवाल्यानं. त्यांचं दार माझ्या दारापासून सात पावलांवर.

पुण्याला परतलो त्या संध्याकाळी ती सात पावलं चाललो आणि बेल दाबली. बऱ्याच वेळानं काठी टेकत ते आले. साखळी न काढता फटीतून बघत म्हणाले,

“वर्गणी कसली?”

“वर्गणी नाही. सहज आलो.”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, साखळी काढली आणि म्हणाले, “मग माझा तो पेपर तरी आणलात का?”