स्पीकरची टोपी

मी पेशाने मास्तर. दुसऱ्यांच्या चुकांखाली तांबड्या शाईने रेघ ओढण्यात अर्धे आयुष्य गेले. पण माझ्याच एका चुकीखाली रेघ ओढली ती एका बिघडलेल्या स्पीकरने.

पहिल्या कादंबरीच्या मानधनातून मी दोन स्पीकर घेतले होते. रत्नागिरीच्या दमट हवेत त्यांनी सतरा पावसाळे काढले. यंदा श्रावणात त्यांतला एक फाटक्या आवाजात गाऊ लागला. जवळ जाऊन पाहतो, तो मधली काळी टोपी आत चेपलेली! धाकट्याने मान खाली घातली. मी त्याच्या थोबाडीत दिली. त्या दिवसापासून तो त्या कोपऱ्याकडे फिरकेना. आंघोळ करताना गुणगुणायचा, तेही थांबले.

नवरात्रात मी स्पीकर उघडला. कागदी शंकूला चौकटीशी जोडणारी फोमची कड पार कुजली होती. बोट लावताच तिचा भुगा झाला. आधार सुटल्याने शंकू कलला होता आणि त्याला जोडलेले तारेचे वेटोळे लोहचुंबकाच्या फटीत घासत होते. खरखरीचे मूळ हे! टोपी म्हणजे केवळ धूळ अडवणारे झाकण. ते चेपले म्हणून आवाज असा फाटत नाही.

मापाची नवी कड मागवली. ती चिकटवताना वेटोळे मधोमध राहावे म्हणून आत कागदाच्या पट्ट्या सरकवायच्या. त्यासाठी आधी टोपी कापून काढायची. ब्लेड हातात घेतले आणि हात थांबला. जिच्यापायी मुलाला मारले, ती टोपी आता मीच कापणार होतो.

“अरे, इकडे ये जरा.”

तो दारातच उभा राहिला. मी त्याला सगळे उघडून दाखवले. “तुझ्या बोटाने काही बिघडले नव्हते. चूक माझी होती.” हे वाक्य मास्तराच्या तोंडून निघायला किती जड जाते, ते मास्तरच जाणे!

तो काही बोलला नाही. पण पट्ट्या त्यानेच सरकवल्या. त्याची बोटे माझ्यापेक्षा बारीक. डिंक रात्रभर वाळू दिला. सकाळी पट्ट्या काढून दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर टेकवला. ‘टक्!’ शंकू सरळ हलला. मग नवी टोपी बसवली.

परवा न्हाणीघरातून गुणगुणणे ऐकू आले. सूर थोडा घसरत होता. हिने माझ्याकडे पाहिले. मी वह्या तपासत राहिलो.