भाचीची सुटी

मे महिना हा मामांचा महिना आहे. वर्षातले अकरा महिने ज्यांची कोणी फारशी विचारपूस करीत नाही, अशा मामा नामक गृहस्थांना या एका महिन्यात अकस्मात महत्त्व प्राप्त होते. गेली कित्येक वर्षे मीही हे पद यथाशक्ति भूषवीत आलो आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे जुने घर एरवी काकूच्या एकटीच्या वावराने जिवंत असते. मे महिन्यात मात्र तेथे बहीण-भावंडांची मिळून सात-आठ मुले जमतात. या मुलांनी काय करावे हा प्रश्न मला कधीच पडला नाही. त्यांनी काय करू नये एवढेच सांगावयाचे, आणि तेही त्यांनी ऐकले नाही म्हणजे रागावून पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालावयाचे, इतकेच माझे काम. परंतु या मुलांत माझ्या धाकट्या बहिणीची एक मुलगी आहे. ती दहा वर्षांची आहे, आणि तिला दिसत नाही.

ती सातव्या महिन्यातच जन्माला आली. तिचा जीव वाचला या आनंदात आम्ही सगळे इतके बुडून गेलो की तिच्या डोळ्यांचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या डोळ्यांतील पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुरत्या वाढलेल्या नसतात. त्या पुढे वेड्यावाकड्या वाढू लागल्या तर पडदाच जागचा सुटतो. म्हणून चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बालकाचे डोळे तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत, असा आपल्याकडील वैद्यकाचा दंडक आहे. वेळीच कळले तर लेसरच्या उपचाराने दृष्टी पुष्कळदा वाचते. आम्हांला हे त्या वेळी कोणी सांगितले नाही. पुढे कळले तेव्हा बहिणीने कोणालाच दोष दिला नाही. सगळा दोष तिने स्वतःच्या पदरात बांधून घेतला. तो अजून तिने सोडलेला नाही.

मुलगी निवासी शाळेत शिकते. तेथे ती जिने चढते-उतरते, स्वतःचे कपडे धुते, मैत्रिणींशी भांडते आणि बुद्धिबळही खेळते. त्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी असून ती घरातल्या भोकात बसते, आणि एका बाजूच्या मोहऱ्यांच्या माथ्यावर हाताला लागेल अशी खूण असते. आपल्या देशातील अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली; दादरची शाळा १९०० सालची. म्हणजे शाळांना या मुलांना शिकविण्याचा शतकाहून अधिक काळाचा अनुभव आहे. परंतु शाळा कितीही चांगली असली तरी मे महिना तिच्या हाती नसतो. तो घराच्या हाती असतो. आणि घराला काय अनुभव असतो? शाळेत दहा महिने कमावलेले पाय घरी आले की झोपाळ्यावर बसतात.

मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवितो. मिल्टनची दृष्टी १६५२ सालापर्यंत पूर्णपणे गेली आणि त्यानंतर त्याने आपले महाकाव्य दुसऱ्यांकडून लिहवून घेतले, हे मी पंचवीस वर्षे वर्गात भरल्या गळ्याने सांगत आलो आहे. परंतु तहान लागली म्हणजे या माणसाला पाण्याचे भांडे कोठे सापडत असेल, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. भाचीने तो मला शिवविला, आणि तोही एका दाराच्या निमित्ताने.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील ही गोष्ट. दुपारची वेळ होती. माजघरातून पडवीत येताना वारा यावा म्हणून मी दार अर्धे लोटून ठेवले. दार पुरते उघडे असले तर तिला अडचण नाही, पुरते मिटलेले असले तरी नाही. तिचा पुढे केलेला हात ते ओळखतो. अर्धवट उघड्या दाराची कड मात्र नेमकी दोन हातांच्या मधून येते. ती कपाळावर आपटली. खोक पडली, टाके घालावे लागले नाहीत, पण रक्त पुष्कळ आले. दार मी अर्धे ठेवले होते. शिक्षा मात्र तिला झाली. त्या संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांनी, म्हणजे मुख्यत्वे मीच, असा निर्णय दिला की यापुढे कोणीतरी तिचा हात धरल्यावाचून तिने जागचे हलावयाचे नाही. यात माझे प्रेम होते यात शंका नाही. गांधारीचेही होतेच. नवऱ्याला दिसत नाही म्हणून तिने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तिच्या पातिव्रत्याचे आपण आजवर कौतुक करीत आलो; पण त्या पट्टीने धृतराष्ट्राची कोणती सोय झाली, हे कोणी विचारीत नाही.

तीन दिवस मुलगी झोपाळ्यावर बसून होती. रडली नाही, रुसली नाही. नुसती गप्प झाली. इतर मुले आळीपाळीने तिच्याजवळ बसावयाची आणि दहा मिनिटांत कंटाळून आमराईत पळावयाची. चौथ्या दिवशी काकूला अढी काढावयाची होती. काकूचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत, वय ऐंशीच्या पुढे. तिला आमचा निर्णय कोणी सांगितला नव्हता, किंवा सांगितला असला तरी तिने तो मनावर घेतला नव्हता. तिने माजघरातून हाक मारली, “अगो, ती बसून काय करते आहे? माझे गुडघे दुखतात. तिला इकडे पाठवा.”

ज्यांनी अढी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. झाडावरून उतरविलेले हापूस आंबे भाताच्या पेंढ्यात थरावर थर असे घालून ठेवतात. एक-दोन दिवसाआड पेंढा उपसून पिकलेला आंबा बाजूला काढावयाचा, हिरवा पुन्हा आत ठेवावयाचा, आणि डागाळलेला ताबडतोब दूर करावयाचा. नाहीतर तो शेजाऱ्यांनाही बिघडवितो. आम्ही डोळस माणसे हे काम रंगावर करतो आणि म्हणून नेहमी फसतो. कारण माजघराच्या काळोखात सगळे आंबे सारखेच. काकूने तिला सांगितले ते एवढेच: देठाशी नाक लाव, अंगठ्याने दाबू नकोस, तळहातात धर, तयार आंबा हातात जरा सैल वाटतो. पहिल्या दिवशी तिने पाच-सहा कच्चे बाहेर काढले. काकूने तिला “आंधळी आहेस, चालायचेच” असे म्हटले नाही. “नीट बघ की गो” असे म्हटले, आणि तेच आंबे पुन्हा तिच्या हातात दिले. आठ दिवसांनी अढी संपूर्णपणे तिच्या ताब्यात होती. देठाजवळ कुजण्यास नुकता आरंभ झालेला आंबा तिला आमच्या आधी एक दिवस कळत असे. आतला साका मात्र तिलाही कळत नसे. पण तो कापल्यावाचून कोणालाच कळत नाही, व्यापाऱ्यालाही नाही, हे सांगितल्यावर तिला फार समाधान वाटले.

घरात या मुलांना काय करता येईल असे कोणी मला विचारले तर मी आता अढीपासून सुरुवात करीन. पापडाच्या लाट्या एका मापाच्या करणे, शेंगा सोलणे, फणसाचे गरे काढणे, कपड्यांच्या घड्या घालणे, ही सगळी कामे हातांची आहेत, आणि आपल्याकडे मे महिन्यात त्यांना तोटा नाही. खेळांचेही तेच. मुलांनी प्लास्टिकच्या एका पोकळ चेंडूत खडे भरले आणि तिला क्रिकेटमध्ये घेतले. पुढे माझ्या वाचनात आले की अंधांच्या क्रिकेटमध्येही असाच आतून वाजणारा चेंडू असतो, तो खालून सरपटत टाकतात, आणि पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट धरतात. त्यांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ साली दिल्लीला झाली. धाव दुप्पट धरण्याचा नियम मुलांना मान्य झाला नाही. त्यावरून भाचीने जे भांडण केले ते ऐकून मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

सुटी लागताना शाळेच्या बाईंनी बहिणीला एक पत्र दिले होते. त्यात दोन गोष्टी होत्या. घरातील एकाने तरी ब्रेल शिकावे, ही पहिली. ती माझ्याकडे आली. सहा टिंबे, त्यांच्या त्रेसष्ट रचना, एवढ्यात जगातल्या भाषा बसतात. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना बापाच्या खोगीर-लगामांच्या कारखान्यात आरी लागून त्याचा डोळा गेला, मग दुसराही गेला. आणि पंधराव्या वर्षी, १८२४ साली, त्याने ही लिपी रचली, तीही तशाच टोकदार हत्याराने कागदावर उठविण्याची. पाटीवर लिहिताना कागदाच्या मागून टोचावयाचे असते. म्हणून उजवीकडून डावीकडे जावे लागते आणि प्रत्येक अक्षर उलटे काढावे लागते. मी पहिल्या खटपटीत दिशा सांभाळली, पण अक्षरे उलटी करावयाची विसरलो. मी “मामा” लिहिले. तिने बोटे फिरवून “शघशघ” असे वाचले आणि अर्धा तास हसत सुटली. घरात अजून ते माझे नाव आहे. एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. आपण “कि” लिहिताना वेलांटी आधी काढतो. ब्रेलमध्ये आधी क, मग इकार, म्हणजे जिभेवर येते त्याच क्रमाने. आपल्या देवनागरीपेक्षा ही लिपी या बाबतीत अधिक सरळ आहे, हे एका भाषाशिक्षकाने कबूल करावयास हरकत नाही.

आता मी तिला शाळेत पत्रे पाठवितो. अंधांसाठी उठविलेल्या मजकुराला आपले टपालखाते पैसे आकारीत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. “स्पर्शज्ञान” हे ब्रेलमधील मराठी पाक्षिक २००८ साली स्वागत थोरात यांनी सुरू केले, त्याची ओळख मला याच खटपटीत झाली. २०१६ साली सुरू झालेले “सुगम्य पुस्तकालय” घरबसल्या पुस्तके देते. मुंबईला १९५२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाकडे पालकांनी एकदा तरी चौकशी करावी. या सोयी आहेत. पण त्यांचा दरवाजा ठोठावण्यास घरातील कोणीतरी उठावे लागते, आणि आमच्या घरी त्याला नऊ वर्षे लागली.

बाईंच्या पत्रातील दुसरी गोष्ट पांढऱ्या काठीची होती. मुलीने सुटीत रोज काठी घेऊन चालावे, असे त्यांनी लिहिले होते. काठी आलेली होती. बहिणीने ती ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या खाली ठेवली होती. “दादा, तिथे शाळेत ठीक आहे,” ती मला म्हणाली, “इथे गावात सगळे बघतात. काठी हातात घेतली की ती आंधळी आहे, हे पाहायला कोणी जवळ यायला नको.” मी थोरला भाऊ, माझा शब्द ती मोडीत नाही, आणि म्हणूनच मला तो देणे कठीण गेले. कपाळाची खोक नुकती भरत होती. शिवाय खरे सांगावयाचे तर गावातल्या लोकांनी पाहणे मलाही नकोच होते. मी दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे भाचीच माझ्या अंथरुणाशी येऊन उभी राहिली. “मामा, तू आईला सांग ना. मला अढीतल्यासारखं बाहेरचंही बघायचं आहे.”

मी सांगितले. बहिणीने ट्रंक उघडली, काठी काढून माझ्या हातात दिली, आणि आत निघून गेली.

त्या काठीचे शास्त्र मोठे साधे आहे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी ते बसविले. काठी छातीच्या हाडापर्यंत उंच, ती पुढे धरून खांद्याच्या रुंदीइतकी डावी-उजवीकडे फिरवावयाची. उजवा पाय पुढे पडत असेल तेव्हा टोक डावीकडे टेकावयाचे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासलेली असते. भाचीला हे येत होतेच. आमच्या घरापासून देवळापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी आहे. तिच्या पायऱ्या सारख्या नाहीत. मी स्वतः तीवर दोनदा पडलो आहे. ती एक-एक पायरी ठोकीत उतरली. मी शेजारून चालत होतो आणि, सवयीने, अखंड बोलत होतो: येथे वळण आहे, येथे मुळे आहेत, हे देऊळ कधीचे, तो पार कोणी बांधला. देवळाच्या आवाराची उंच भिंत सुरू झाली तशी ती थांबली.

“मामा, जरा बोलू नकोस ना. मला भिंत ऐकू येत नाही.”

१९४४ साली कॉर्नेल विद्यापीठात काही अंध आणि डोळे बांधलेल्या डोळस माणसांना भिंतीकडे चालत जावयास सांगितले होते. भिंत जवळ आली की त्यांना कळे. कसे ते सांगता येईना, चेहऱ्याला जाणवते असे काहींना वाटे. पण कान बंद केले तेव्हा ते सरळ जाऊन भिंतीवर आदळले. हे मी पुढे वाचले. त्या सकाळी मी फक्त गप्प बसलो, आणि वर्गात पन्नास मिनिटे न थांबता बोलणाऱ्या माणसाला ते किती जड जाते, हे सांगून कळणार नाही. काठीचा आवाज एकदम बदलला तो मलाही ऐकू आला. भिंत संपून तळीकडची वाट मोकळी झाली होती. भाची तेथेच, मी काही न सांगता, डावीकडे वळली. मागे पावले वाजली म्हणून पाहिले, तो बहीण पाखाडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. डोक्यावर पदर नव्हता, पायांत चपला नव्हत्या. मी तिला हाताने खूण केली, बोलू नकोस. ती हळूहळू खाली आली आणि आम्ही दोघे अंतर ठेवून तिच्या मागोमाग चालू लागलो.