नाचायला परवानगी नाही

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९६७ च्या एप्रिलमध्ये ‘स्टुडंट होमोफाइल लीग’ला मान्यता दिली. समलिंगी विद्यार्थ्यांची अमेरिकेतली ही पहिली मान्यताप्राप्त संघटना. न्यूयॉर्कमधल्या ज्या स्टोनवॉलच्या दंगलीपासून समलिंगी हक्कांच्या चळवळीचा इतिहास मोजायची सवय आहे, तिच्याही दोन वर्षं आधीची. ती काढणारा विद्यार्थी स्टीफन डोनाल्डसन या टोपणनावाने वावरत असे. त्याचा पुरुषांकडे असलेला ओढा वसतिगृहातल्या सोबत्यांना खपला नव्हता, आणि त्याला वेगळ्या खोलीत जावं लागलं होतं. मान्यतेच्या वाटेतली अडचण मात्र निव्वळ कारकुनी होती. अर्जाला सभासदांची यादी जोडायला हवी, आणि नाव द्यायला कुणी तयार नाही. अखेर कॅम्पसवर वजन असलेले काही विद्यार्थी पुढारी नावापुरते सभासद झाले आणि यादी भरली. मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी पहिल्या पानावर छापली, विद्यापीठाकडे संतापलेली पत्रं येऊ लागली. प्रशासनाने संघटना मोडली नाही. पण भेटीगाठींचे, करमणुकीचे कार्यक्रम करायचे नाहीत, असं बजावलं. त्यातून राज्याच्या समलैंगिक संबंधांविरुद्धच्या कायद्याचा भंग होईल, ही भीती.

मला ही अट फार बोलकी वाटते. समलिंगी माणूस चर्चेचा विषय असतो तोवर कुणाचं फारसं बिघडत नाही. व्याख्यान होतं, प्रश्नोत्तरं होतात, आभार मानले जातात, लोक आपापल्या खोल्यांवर जातात. तोच माणूस संध्याकाळी गाणी लावून नाचायला लागला की विषय उरत नाही, शेजारच्या बाकावरचा मुलगा होतो. आणि अस्वस्थता तिथे सुरू होते. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या प्रकरणात हे कोर्टाच्या कागदांवरच आलं. तिथल्या ‘गे स्टुडंट्स ऑर्गनायझेशन’ला १९७३ मध्ये रीतसर मान्यता मिळाली, तेव्हा काही झालं नाही. ९ नोव्हेंबरला त्यांनी नाच ठेवला. तो शांतपणे पार पडला, एकही गैरप्रकार झाला नाही. तरीही गव्हर्नर मेल्ड्रिम थॉमसन खवळले, आणि विश्वस्तांनी संघटनेच्या पुढच्या अशा कार्यक्रमांना बंदी केली. संघटना चालेल, नाच चालणार नाही. विद्यार्थी कोर्टात गेले आणि जिंकले. डिसेंबर १९७४ मध्ये अपील कोर्टानेही त्यांच्याच बाजूने निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की एकत्र जमून वेळ घालवणं हा संघटनस्वातंत्र्याचाच भाग आहे; माणसं एकमेकांना ओळखू लागतात, मतं बोलून दाखवतात ती अशाच प्रसंगी. इतर संघटनांना जे कार्यक्रम खुले आहेत ते या एकीला नाकारता येणार नाहीत. मुलांच्या नाचगाण्याकडे इतक्या गांभीर्याने पाहणारं न्यायालय विरळाच.

यावर नेहमीचा आक्षेप असा: विद्यापीठ शिकायला असतं, कुणी कुणाबरोबर नाचावं याची सोय लावणं त्याचं काम नव्हे. आक्षेप मान्य करायला हरकत नाही, फक्त तो सगळ्यांना लावावा. आपल्याकडचं कॉलेज घ्या. गॅदरिंग, ट्रॅडिशनल डे, रोज डे, आणि फिशपाँड, ज्यात कुणाचं नाव कुणाशी जोडायचं हा निम्मा विनोद असतो. हे सगळं मुलगा आणि मुलगी ही जोडी गृहीत धरून उभं असतं, आणि त्याचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधूनच होतो. त्या मांडवात समलिंगी मुलाला बसता येतं, हसताही येतं. स्वतःचं नाव कुणाशी जोडलं जावं असं मात्र वाटून घेता येत नाही. त्याने वेगळी संध्याकाळ मागितली की आपण विचारतो, तुम्ही स्वतःला बाजूला का काढता? बाजूला तो आधीच असतो. उलट आपल्यासारख्या चारजणांत वावरून आलेला विद्यार्थी बाकीच्यांत जास्त मोकळेपणाने मिसळेल, असंच मला वाटतं.

दुसरा आक्षेप हल्लीचा आहे. कायदा बदलला, फोनवर ॲप आहेत, मग समलिंगी विद्यार्थ्यांची मंडळं कशाला? कायद्याचं आधी. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध २ जुलै २००९ ला गुन्ह्यातून बाहेर काढले. त्यानंतर सात महिन्यांनी, फेब्रुवारी २०१० मध्ये, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. श्रीनिवास सिरस यांच्या घरात माणसं कॅमेरा घेऊन घुसली, आणि निलंबन झालं ते सिरसांचं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये निलंबनाला स्थगिती दिली. काही दिवसांतच ते मृतावस्थेत सापडले. त्या वेळी कायदा त्यांच्या बाजूने होता. शेजार नव्हता. प्राध्यापकाची ही गत पाहणाऱ्या विद्यार्थ्याला निकालपत्र कितीसं धैर्य देणार? पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा मोकळीक दिली. मधल्या काळात आयआयटी मुंबईतला ‘साथी’ हा गट, २०११ पासूनचा, टिकून राहिला. २०१८ च्या निकालाआधी कोर्टात गेलेल्यांत आयआयटीचे आजी-माजी विद्यार्थीही होते. नावानिशी याचिका करायला जी हिंमत लागते ती एकट्याच्या खोलीत येत नाही, ओळखीच्या माणसांत येते. ॲपचंही तेच. ते दोघांची गाठ घालून देतं, बहुतेकदा रात्री आणि गुपचूप. परीक्षेच्या आदल्या दिवशी नोट्स मागायला, ताप आल्यावर डबा आणून द्यायला, प्रेमभंगावर यथेच्छ थट्टा करायला लागतो तो घोळका, आणि तो कट्ट्यावर किंवा कँटीनमध्येच जमतो.

मुलींचं गणित निराळं. दोन मुली हातात हात घालून फिरल्या, एका खोलीत राहिल्या तरी कुणी वळून पाहत नाही. ‘मैत्रिणी आहेत’ म्हटलं की विषय संपतो. या आडोशाचा फायदा आहे, पण त्यामुळेच तिसरी, तशाच मनाची मुलगी त्यांना ओळखू शकत नाही. शिवाय मुलींच्या वसतिगृहाचं फाटक लवकर बंद होतं. दिल्लीत २०१५ साली मुलींनी ‘पिंजरा तोड’ मोहीम सुरू केली ती याच वेळेच्या बंधनाविरुद्ध. ज्या कॅम्पसमध्ये मुलग्यांची संध्याकाळ रात्री अकराला रंगते आणि मुलींची आठला संपते, तिथे समलिंगी मंडळ नकळत मुलग्यांचंच होऊन बसतं. मंडळांनी हे रेक्टरवर ढकलून मोकळं होऊ नये. दुपारी भेटण्यात कसलाही कमीपणा नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली, आणि लैंगिक कलावरून कुणाला छळणं किंवा वाळीत टाकणं तिच्यात घातलं. हे चांगलंच झालं. पण नियमावली जे करू नये तेवढंच सांगते. तिच्या आधारे जागृतीचं व्याख्यान भरवणं सोपं, प्राचार्यही दीपप्रज्वलनाला येतात. त्याच सभागृहात शनिवारी संध्याकाळी दोन तास गाणी लावायची परवानगी मागितली की अर्ज पुढे सरकत नाही, आणि सरकलाच तर पहिली मागणी येते ती उपस्थितांच्या नावांच्या यादीची. कोलंबियात या यादीवर निदान तोड निघाली होती. आपल्याकडे सभागृहाची जबाबदारी दोन आयोजकांच्या सहीवर सोपवून बाकीच्यांना नाव न विचारता आत सोडणं एवढं अवघड नसावं.