क्रीपरच्या थैलीत मावेल एवढं

अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तेव्हा सगळ्यात आधी हातातून गेली ती डब्ल्यू-आयटमची युक्ती. ‘फायनल फँटसी सेव्हन’ ज्यांनी मनापासून खेळलाय त्यांना ती समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: दुसऱ्या डिस्कवर, मिडगर शहराच्या बोगद्यात डब्ल्यू-आयटम नावाचं मटेरिया, म्हणजे शक्ती देणारा गोटा, सापडतं. एका पाळीत दोन वस्तू वापरायची मुभा मिळते. पहिली वस्तू ठरवून टाकायची, दुसरी निवडायची आणि निवडल्या निवडल्या रद्द करायची. खेळ वापरलेली वस्तू वजा करायला विसरतो, पण रद्द केलेली परत जमा करायला विसरत नाही. म्हणून दर वेळी रद्द केलं की आकडा एकाने वाढतो. निवड, रद्द, निवड, रद्द, नव्व्याण्णव होईपर्यंत. माझा हात असा चालायचा की बघणाऱ्याला बोटाची हालचाल कळायची नाही, नुसता आकडा चढताना दिसायचा. नांदेडच्या डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि मोबाइल, कंट्रोलर दोन्ही कमी करायला सांगितलं. मी कमी केलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात युक्त्यांचे दोन ढीग पडलेत. एक हाताच्यांचा, दुसरा हिशोबाच्यांचा. पहिल्या ‘डायाब्लो’त जमिनीवरच्या वस्तूवर दुरून क्लिक करायचं आणि आपला गडी तिथे पोचतो त्याच क्षणी पट्ट्यातली औषधाची बाटली उचलायची, म्हणजे बाटलीच्या जागी त्या वस्तूची नक्कल हातात येते. ही हाताची. क्षण चुकला की काही नाही. ‘मॉरोविंड’मध्ये सेडा नीन गावाबाहेर आभाळातून टार्हिएल नावाचा जादूगार कोसळून मरतो आणि त्याच्या अंगावर इकेरियन फ्लाइटच्या तीन गुंडाळ्या सापडतात. उडी मारायचं कौशल्य हजाराने वाढतं, पण फक्त सात सेकंद. वर जाणं सोपं. खाली येईपर्यंत मंत्र संपलेला असतो, म्हणून तो बिचारा मेला. जमीन जवळ आली की दुसरी गुंडाळी वाचायची, की माणूस सुखरूप उतरतो. ही अर्धी हाताची, अर्धी हिशोबाची. खेळ बनवणाऱ्यांनी पहिल्याच गावाशेजारी एक प्रेत टाकून खेळणाऱ्याला आपल्या नियमांची फट स्वतः दाखवली, यासाठी मी त्यांना कायम मानत आलोय.

आमच्या शिरड शहापूरला लोक मल्लिनाथांच्या दर्शनाला येतात, नाहीतर औंढ्याला नागनाथाला जाता जाता थांबतात. माझा व्यवसाय हळदीचा. वसमतला एमएस-सीआयटीचा कोर्स करत होतो तेव्हा क्लास सुटल्यावर तिथल्या एका संगणकावर ‘मॉरोविंड’ पहिल्यांदा पाहिला. मराठवाड्यातल्या भारनियमनाचे ते दिवस. वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून दर दोन पावलांनी सेव्ह करायची सवय लागली, आणि त्याच सवयीतून या नादाची सुरुवात झाली. सेव्ह हाताशी असलं की माणूस धीट होतो. हे केलं तर काय होईल, ते केलं तर काय होईल. खेळाची गोष्ट मी बाजूला ठेवली आणि खेळाच्या आतला हिशोब चाचपडायला लागलो.

आता ज्या एका अडचणीपायी माझी कितीतरी वर्षं गेली तिच्याकडे येतो. ॲश याम आणि ब्लोट, ‘मॉरोविंड’मध्ये औषध करायचे दोन जिन्नस. दोन्हींत बुद्धी वाढवायचा गुण आहे. यामचा तो पहिलाच गुण, म्हणून नवख्यालाही दिसतो. ब्लोटचा दुसरा, आणि पहिला गुण मॅजिका, म्हणजे जादूची शक्ती, खाणारा, त्यामुळे किमया कच्ची असलेला माणूस ब्लोटला हात लावत नाही. पण दिसत नसलेला गुणही खलबत्त्यात काम करतो. दोन्ही कुटून औषध करायचं, प्यायचं. बुद्धी वाढते. औषधाचा जोर बुद्धीवर ठरतो, म्हणून पुढचं औषध आधीच्यापेक्षा जबर होतं. ते प्यायचं, पुन्हा कुटायचं. एकावर एक कितीही प्या, परिणाम बेरजेने चढत जातो. जोर वाढतो, मुदत वाढते, किंमतही वाढते.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. कुणी सांगत नाही ते हे की ही चक्रवाढ आहे, आणि चक्रवाढीचा स्वभाव वाईट. पहिल्या काही फेऱ्यांत काहीच घडत नाहीसं वाटतं. यामची पिशवी रिकामी होते आणि बुद्धी जेमतेम हलते. मग दोन-तीन फेऱ्या अशा येतात की औषध नेमकं कामाचं होतं. त्याच्या पुढच्या फेरीला सगळं हाताबाहेर. त्या बुद्धीने ताकदीचं औषध केलं तर तलवारीचा एकच घाव असा बसतो की समोरचा मरतो आणि तलवारही मोडते, कारण शस्त्राची झीज घावाच्या जोरावर मोजली जाते. वेगाचं औषध केलं तर एक पाऊल टाकताच माणूस गावाच्या पलीकडच्या भिंतीवर. जखम भरायचं औषध केलं तर मरण उरत नाही, आणि मरण नसेल तर अंधाऱ्या थडग्यात उतरताना काळजात जे हलायचं तेही उरत नाही.

म्हणून प्रश्न एकच, कुठे थांबायचं. मी यासाठी वह्या भरल्यात. किती बुद्धी असताना ताकदीचं औषध कुटलं की डेड्रिक तलवार शंभर घाव टिकते. किती बुद्धीला वेग असा येतो की बाल्मोराच्या पुलावरून पळताना वळता येतं. ही जागा फार अरुंद आहे, आणि दर वेळी थोडी सरकते. कारण औषधाच्या हिशोबात नशीबही असतं, किमयेचं कौशल्यही, खलबत्त्याचा दर्जाही, आणि कुटता कुटता कौशल्य वाढतच असतं. आमच्याकडे हळद शिजवताना काडी टोचून बघतात; कच्ची राहिली तर वाळल्यावर ठिसूळ, जास्त शिजली तर रंग गेला. काडी कधी टोचायची हे माझे वडील वाफेच्या वासावरून सांगायचे, आकड्यात त्यांना कधी सांगता आलं नाही. माझ्याकडे सगळे आकडे आहेत, तरीही ती फेरी आली हे मला आकड्याआधी कळतं.

शेवटी मी एक माप ठरवलं. काल्डेरा गावात घोराक मॅनरमध्ये क्रीपर नावाचा एक स्कॅम्प, म्हणजे छोटा राक्षस, बसलेला असतो. तो घासाघीस करत नाही, वस्तूची पूर्ण किंमत देतो, पण त्याच्या थैलीत रोज पाचच हजार मोहरा. समुद्राकाठचा बोलका खेकडा दहा हजार देतो, पण तो आडवळणाला. माझं औषध क्रीपरच्या थैलीत मावेल एवढ्याच किमतीचं असावं. त्याहून महाग औषध म्हणजे कुणाला विकता न येणारी आणि प्यायलं तर खेळ मोडणारी बाटली. हे माप माझं आहे. इतर कुणी असं मोजत असेल तर मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

कारण एकदा मी तसं माहीत करून घेतलं होतं. क्रीपरला तीस हजारांची वस्तू कशी विकायची हे मी स्वतःच्या डोक्याने सोडवलं होतं: आधी त्याला लहान लहान वस्तू विकत जायच्या, मग मोठी वस्तू देऊन पाच हजार रोख आणि उरलेल्यात त्याच लहान वस्तू परत घ्यायच्या, चोवीस तास झोप काढायची, एकेक वस्तू पुन्हा पाच हजाराला घालायची. आमच्या धंद्यात सुट्टे नसले की मालावर माल फिरवतात, तिथून ते सुचलं. कित्येक वर्षं मी ही आपली मालमत्ता समजत होतो. मग कळलं की जगभरच्या जुन्या खेळणाऱ्यांना ती पाठ आहे. एकाच कुलपाला इतक्या लोकांनी आपापली किल्ली घडवली याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला मत्सर वाटला. अजून वाटतो.

युक्ती ज्याने शोधली त्याला खेळाचा मालक कसा वागवतो, यावरून मी खेळाची परीक्षा करतो. ऑगस्ट १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’च्या चाचणीत रेंझ नावाच्या खेळाडूने लॉर्ड ब्रिटिशला, म्हणजे खेळ घडवणाऱ्या रिचर्ड गॅरियटच्या पात्राला, आगीच्या मंत्राने मारलं. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि राजाचं अमरपण लावायचं राहून गेलं होतं. रेंझला नंतर खेळातून काढून टाकलं. दुसऱ्या कारणांसाठी काढलं असं सांगण्यात आलं, असेल. तरी मला वाटतं, त्या माणसाला राजवाड्यात जागा द्यायला हवी होती.

सगळ्यात देखणी युक्ती कुठली, असं कुणी विचारलं तर मी पहिल्या ‘पोकेमॉन’चं नाव घेतो. व्हिरिडियन शहरातला म्हातारा पोकेमॉन पकडून दाखवतो. तेवढ्या वेळापुरतं पडद्यावर त्याचं नाव यावं म्हणून खेळ तुमचं नाव उचलून दुसरीकडे ठेवतो, आणि ठेवतो कुठे, तर जंगली पोकेमॉनची यादी जिथे असते त्या जागेत. तिथून सरळ उडत सिनाबार बेटावर जायचं, पूर्वेच्या किनाऱ्याला लागून पोहत राहायचं. त्या किनाऱ्याला स्वतःची यादीच नाही, म्हणून खेळ जुनीच यादी वाचतो, आणि तिथे असतं तुमचं नाव. नावाचं तिसरं, पाचवं, सातवं अक्षर पोकेमॉन होऊन पाण्यातून वर येतं. त्यात ‘मिसिंगनो’ नावाचा बिघडलेला पोकेमॉन समोर आला की पिशवीतली सहावी वस्तू एकदम १२८ ने वाढते. लोकांना ती वाढच लक्षात राहते. मला मात्र नावाचं येणं भारून टाकतं. आपलं नाव आपल्यासमोर लढायला उभं राहतं, आणि हे कुणी ठरवून केलेलं नसतं.

१९९४च्या ‘फायनल फँटसी सिक्स’मधलं अदृश्य करून मारणं त्या मानाने साधं, पण मला तेही आवडतं. समोरच्याला अदृश्य करा, मग मृत्यूचा मंत्र टाका. मृत्यूपासून संरक्षण असलेले मोठमोठे राक्षस जागीच पडतात, कारण खेळ आधी विचारतो, ‘हा अदृश्य आहे का?’ उत्तर हो आलं की मंत्र लागू, पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही. गेम बॉय ॲडव्हान्सच्या आवृत्तीत हे बुजवलं. बुजवणाऱ्यांवर माझा राग आहे. २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’ने एका वेळी चारच औषधांचा नियम आणला आणि माझ्यासारख्यांच्या वह्या निकालात काढल्या. २०११च्या ‘स्कायरिम’मध्ये रिस्टोरेशन, म्हणजे जखमा भरायची जादू, वाढवणाऱ्या औषधाचा फेरा सापडला, पण त्यात दर फेरीला अंगावरचे मंतरलेले कपडे काढून पुन्हा चढवायचे, त्यात मला गोडी नाही. तोही चाहत्यांनीच पॅच काढून बंद केला. एकट्याने खेळायच्या खेळात कुणाचं नुकसान होत होतं?

व्हिडिओवाल्यांबद्दल याहून कडक मत आहे. ‘पाच मिनिटांत देव बना’ म्हणत ते यामच्या बाटल्या पिऊन दाखवतात आणि आकडा पडद्याबाहेर जाईपर्यंत थांबत नाहीत. स्पीडरन करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तेही हाच फेरा घेतात, पण शर्यतीसाठी, आणि त्यांचा हात मी मानतो. नुसता आकडा फुगवून दाखवणाऱ्याला मी या कामातला धरत नाही.

भाचा परभणीहून सुट्टीत येतो. अंगठा गेल्यापासून कंट्रोलर त्याच्या हातात. डब्ल्यू-आयटम तो एका संध्याकाळीत शिकला आणि आता माझ्यापेक्षा वेगाने करतो, हे मला बघवत नाही, तरी बघतो. मग ‘मॉरोविंड’ काढला. मी शेजारी वही घेऊन बसलो. याम, ब्लोट, कुटणं, पिणं. औषध नेमक्या किमतीला आलं तसा म्हणालो, बस.

‘मामा, कामून थांबायचं? आता तर वाढायलंय!’

वही दाखवली. तलवार कशी मोडते ते सांगितलं. त्याने मान हलवली आणि माझी पाठ वळताच आणखी फेऱ्या घेतल्या. तलवार मोडली. तो इतका खूश झाला की त्याने आणखी तलवारी विकत आणून एकेका घावात एकेक मोडली. मी रागावलो नाही. त्या वयात मीही हेच करत होतो, आणि त्याच नादात मला ती अरुंद जागा सापडली होती.

दोन दिवसांनी तो सांगत आला की किमयेच्या दुकानदाराला त्याच्याच ठेवणीतला माल परत विकला की पुढच्या खेपेला त्याचा साठा तेवढा वाढलेला असतो, आणि मग तो कधी घटत नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला पूर्वीपासून ठाऊक होतं, आणि ते मी त्याला लगेच सांगून टाकलं. तेवढा मोठेपणा मला सोडवला नाही. त्याचं तोंड उतरलं. मग त्याने विचारलं, ‘मग नेच लेदरचं बी तसंच होतंय का?’ त्यातही बुद्धीचा गुण आहे. पण मी कायम ब्लोटवर अडून बसलो होतो. ते दुकानदाराकडे फिरवून पाहिलं नव्हतं. मी वहीचं नवं पान काढलं आणि दुकानात जायला सांगितलं. आधी सेव्ह करायला लावलं.