उतराई

उपकारासाठी मराठीत जितके शब्दप्रयोग आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कशासाठी असतील. उपकार केले जातात, ते चढतात, त्यांचे ओझे होते, त्यांखाली माणूस दबतो. आणि जमलेच तर तो त्यांतून उतराई होतो. ज्याला उतराई होता येत नाही, त्याला आपण मिंधा म्हणतो. कृतज्ञ आणि मिंधा हे दोन शब्द वरवर पाहता एकाच प्रसंगातून जन्मलेले वाटतात. दोघांनीही कोणाकडून तरी काही घेतलेले असते. तथापि कृतज्ञ माणसाची मान ताठ असते आणि मिंध्याची खाली गेलेली असते. एकच देणे एकाला उभे करते आणि दुसऱ्याला वाकवते, हे कशामुळे घडते, हा प्रश्न मला दीर्घकाळ पडलेला आहे.

तो पडला त्याला एक प्रसंग कारण झाला. एका तालुक्याच्या गावी अपंगांना कृत्रिम पाय वाटण्याचा समारंभ होता. मांडव, हारतुरे, ध्वनिक्षेपक, छायाचित्रकार असा सारा थाट होता. नवा पाय बसवलेल्या माणसांना एकामागून एक व्यासपीठावर बोलावण्यात येत होते. चाळिशीचा एक शेतकरी कठड्याला धरून कसाबसा वर चढला. त्याला अद्याप नीट तोल साधत नव्हता. कोणीतरी त्याच्या कानाशी पुटपुटले आणि तो प्रमुख पाहुण्यांच्या पाया पडण्यासाठी वाकला. वाकताना तो कोलमडला, दोघांनी त्याला सावरले, टाळ्या पडल्या. कित्येक महिन्यांनी पायांवर उभ्या राहिलेल्या माणसाला त्याच पायांवर प्रथम जे करावे लागले, ते वाकणे होते. देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु त्या दिवशी तेथे पाय दिला गेला आणि ताठ मान काढून घेतली गेली, असे मला वाटले.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी मला बहाई विचारात मिळाली. महाराष्ट्राला हा धर्म अपरिचित नाही. पाचगणीत १९४५ साली बहाईंनी स्थापन केलेले न्यू इरा हायस्कूल अनेकांना ठाऊक असते. मुंबई-पुण्याच्या इराणी वस्तीतही बहाई कुटुंबे पूर्वीपासून आहेत. मुंबईशी तर या धर्माचे नाते त्याहून जुने आहे. धर्मसंस्थापक बहाउल्ला (१८१७–१८९२) अक्का येथे बंदिवासात असताना त्यांनी ‘किताब-ए-अकदस’ हा आपल्या धर्माचा विधिग्रंथ सिद्ध केला, आणि त्याचा मूळ अरबी पाठ त्यांच्याच व्यवस्थेनुसार १८९०-९१ च्या सुमारास मुंबईत छापला गेला. ज्या शहरात पुढे असंख्य दानशूर आणि असंख्य भिकारी शेजारी-शेजारी नांदले, त्याच शहरातून हा ग्रंथ छापून बाहेर पडावा, यात एक योग आहे. कारण या ग्रंथात भीक मागणे निषिद्ध ठरवले आहे. इतकेच नव्हे, तर मागणाऱ्याला भीक घालणेही निषिद्ध मानले आहे.

हा नियम प्रथम वाचला तेव्हा तो मला कठोर वाटला. ज्या भूमीत माधुकरी मागून विद्यार्थी शिकले आणि झोळी ही साधूची शोभा मानली गेली, त्या भूमीतल्या मनाला तो तसा वाटणे स्वाभाविक आहे. पण नियमाची दुसरी बाजू त्याच ठिकाणी सांगितलेली आहे. प्रत्येकाने काही ना काही उद्योग करावा, आणि ज्याला तो करणे शक्य नाही त्याच्या निर्वाहाची तरतूद धनिकांनी व धर्मसंस्थेने करावी. म्हणजे दुर्बळाला मदत मिळेल, परंतु ती त्याने हात पसरल्यामुळे नव्हे. याच्याच जोडीला आणखी एक शिकवण येते: सेवेच्या भावनेने केलेले काम, मग ते कलाकुसरीचे असो वा व्यापाराचे, ही उपासनाच होय. बहाई मंदिराच्या कल्पनेतही हेच आहे. मध्यभागी सर्व धर्मीयांना खुले प्रार्थनागृह आणि त्याच्या आश्रयाने रुग्णालय, विद्यालय, निराधारांचे निवास अशा संस्था असाव्यात, असे तिचे पूर्ण रूप सांगितले जाते. दिल्लीचे १९८६ साली खुले झालेले कमळाच्या आकाराचे मंदिर पाहणाऱ्यांना त्याची सत्तावीस पाकळ्यांची शोभा दिसते; प्रार्थनेतून उठलेल्या माणसाने सेवेकडे जावे, हा त्यामागचा विचार डोळ्यांना दिसत नाही.

अधिक विचार केल्यावर मला जाणवले की, हा विचार आपल्याला परका नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की प्रथम खराटा हाती घेत. गाव झाडून झाल्यावरच ते भाकरीकडे वळत. त्यांच्या हाती फुटके गाडगे असे, पण ते भिक्षापात्र नव्हते. हात पसरण्यापूर्वी ते राबवावेत, हा त्यांचा न लिहिलेला नियम होता. अक्काचा बंदिवान आणि वऱ्हाडातला हा परीट एकमेकांना कधी भेटले नाहीत. तरीही माणसाची मान कशाने ताठ राहते, याविषयी दोघांचे मत एकच होते.

जयपूरला जाण्याचा योग आला, तेव्हा हे सारे मनात होते. हे शहर १७२७ साली वसवले गेले, तेव्हापासून ते कारागिरांचे शहर आहे. येथे रस्ते आणि गल्ल्या कसबावरून ओळखल्या जातात. कोठे मूर्तिकारांची छिन्नी वाजते, कोठे लाखेच्या बांगड्या वळल्या जातात. या परंपरेतूनच रामचंद्र शर्मा आले. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. सवाई मानसिंह रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवण्याचे काम ते करीत. शालेय शिक्षण बेताचेच, पण हात मात्र विलक्षण. अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर त्यांनी १९६८ च्या सुमारास जो पाय घडवला, तो पुढे ‘जयपूर फूट’ या नावाने जगभर गेला.

तोवर मिळणारा विलायती पाय बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होता. त्याचा घोटा कडक असे. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलात अनवाणी उतरतो. पाय मिळूनही त्याचे जगणे त्या पायात मावत नसे. मास्टरजी आणि डॉ. सेठी यांनी रबर, लाकूड व टायरमधला नायलॉनचा दोरा यांतून असा पाय तयार केला, जो सर्व बाजूंना वाकतो, भिजला तरी बिघडत नाही आणि ज्याला बुटाची गरज नाही. त्यावर त्वचेच्या रंगाचे रबर चढवून तो साच्यात भाजून काढला जाई. डॉ. सेठींनी त्याचे एकस्व घेतले नाही. कोणीही तो बनवावा, अशी मोकळीक राहिली.

पाय सिद्ध झाला, तरी तो गरजूंपर्यंत पोहोचेना. पहिल्या सात वर्षांत जेमतेम पन्नासेक पाय बसवले गेले. देवेंद्रराज मेहता या सनदी अधिकाऱ्याला १९६९ साली भीषण अपघात झाला आणि त्यांच्यावर पाय गमावण्याची वेळ आली. पाय वाचला. आपल्यासारख्याची ही अवस्था, तर गरिबाचे काय होत असेल, हा विचार रुग्णशय्येवर मनात आल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, मार्च १९७५ मध्ये, त्यांनी ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन केली. पाय विनामूल्य मिळू लागला. कृत्रिम पाय, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी अशी साधने मिळून वीस लाखांहून अधिक लोकांपर्यंत समितीचे काम पोहोचले आहे.

मालवीय नगरातल्या त्या कार्यशाळेत मी अर्धा दिवस बसले होते. तेथे मांडव नव्हता. भट्टीची धग, रबराचा उग्र वास आणि हातोड्यांचा आवाज होता. बीडकडचा एक ऊसतोड मजूर नवा पाय बांधून पुन्हा पुन्हा उकिडवा बसत होता आणि उठत होता. मराठी कानी पडताच तो थबकला. म्हणाला, “ताई, बुडख्यापाशी वाकता येतंय का, तेवढंच बघायचं होतं. कोयता मोडला होता आमचा.” ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकाचा पाय गेला की जोडी मोडते. त्याला पाय मिळाला होता, म्हणजे त्याच्या संसाराला पुन्हा कोयता मिळाला होता. पाय बसवणारा कारागीर तोवर पुढच्या माणसाचे माप घेण्यात गुंतला होता. पाया पडून घ्यायला त्याला सवड नव्हती. मजूर क्षणभर घुटमळला. मग शेजारी दांड्यांना धरून पहिले पाऊल टाकू पाहणाऱ्या एका पोराच्या काखेत त्याने हात घातला आणि त्याला म्हणाला, “पुढं बघ, खाली बघू नको.” त्या पोराला मराठी कळत नव्हते, पण तो पुढे बघू लागला.

आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणही धरले आहे. या ऋणांची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यांतली कित्येक ज्याच्याकडून घेतली त्याला परत करायची नसतात. ऋषींचे ऋण विद्या पुढे नेऊन फिटते, पितरांचे पुढची पिढी वाढवून. देणे मागून येते आणि फेड पुढे जाते. मेहतांचा पाय ज्यांनी वाचवला, त्यांचे ऋण लाखो अनोळखी पायांत फेडले गेले. मजुराने घेतलेला आधार शेजारच्या पोराच्या काखेत पोहोचला. फेड मागे वळवली, म्हणजे देणाऱ्याने ती आपल्याच पायाशी मागितली, की कृतज्ञतेचा मिंधेपणा होतो.

डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तो सर्वस्वी योग्य होता. मास्टरजींचे नाव त्या मानाने लोकांना फारसे ठाऊक झाले नाही. याची हळहळ वाटणे रास्तच आहे. मात्र त्यांनी घडवलेल्या पायावर कोणाचे नाव कोरलेले नसते आणि तो घालून चालणाऱ्याला ते ठाऊक असण्याची गरजही पडत नाही. मास्टरजी बहाई नव्हते, समितीची प्रेरणा जैन आहे, आणि तो मजूर कदाचित पंढरीचा वारकरी असेल. काम हीच उपासना, हे त्यांपैकी कोणी अक्काच्या ग्रंथात वाचलेले नव्हते. एखादे सत्य निरनिराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येऊन पोहोचते, तेव्हा ते कोणा एका धर्माचे राहत नाही. बहाई धर्माचा मूळ आग्रहही तोच आहे.

देणाऱ्याने द्यावे आणि पुढच्या कामाला लागावे. घेणाऱ्याने घ्यावे आणि आपल्या कामाला लागावे. उतराई होण्याचा याहून सरळ मार्ग मला ठाऊक नाही.