पंचाहत्तर लाखांचं घर

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वीस लाख हाताशी, पंचावन्न लाखांचं कर्ज, आणि ऑफिस अंधेरीला. यात मुंबईत काय येईल, असं तू विचारतेस. आधी हिशेब मांडू, कारण इथेच माणूस फसतो.

पंचाहत्तर लाखांच्या बजेटात पंचाहत्तर लाखांचं घर येत नाही. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाही. ६९ लाखांचं जुनं घर धर. पंचावन्न कर्ज, चौदा तुझे. वर मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ४ लाख १४ हजार. नोंदणीचे ३० हजार. दलाल एक टक्का घेईल. उरलेल्या लाखभरात रंग, नळ आणि सामानाचा टेम्पो. घर फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर शुल्कात एक टक्का सूट आहे, ६९ हजार वाचतील. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर ५ टक्के जीएसटी लागेल. मग एकोणसत्तरचाही विचार सोड.

आता एकोणसत्तर लाखांत काय? अंधेरीत काही नाही. बोरिवलीत शोधत राहिलीस तर जुन्या सोसायटीत वन रूम किचन. मीरा रोडला बऱ्यापैकी वन बीएचके. विरारला टू बीएचके, लिफ्ट आणि पार्किंगसकट. तुला विरारचं आवडलंय हे पत्रावरून कळलं. बाळाला वेगळी खोली हवी, हेही कळतं. पण मी बावीस वर्षं विरार-चर्चगेट केलंय, ६० किलोमीटर जायचे आणि ६० यायचे. ती जास्तीची खोली मी फक्त रविवारी वापरली. तू मीरा रोडचं बघ. बोरिवलीत मिळालं तर त्याहून बरं, मग खोली एक कमी असली तरी चालेल.

कार्पेट एरियाचा आकडा कागदावर वाचू नकोस, टेप घेऊन जा. बेडरूममध्ये सहा बाय पाचचा पलंग जमिनीवर खडूने आखायचा आणि मग कपाटाचं दार उघडतं का ते बघायचं. मी हे दोन घरांत केलं; दोन्हीकडे दार पलंगावर आपटणार होतं.

जुनी इमारत म्हटलं की समुद्र आठवायचा. खाऱ्या हवेने सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात. म्हणून बाथरूममध्ये शिरलीस की आधी वर बघ. तांबूस डाग दिसले किंवा ताजं प्लॅस्टर दिसलं, तर वरच्या मजल्यावर जाऊन विचार. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडे असायलाच हवा, तो माग. आणि घर जुलैत बघ. मेमध्ये सगळ्या भिंती कोरड्या असतात. कपाट जरा पुढे ओढायला सांग आणि मागे नाक लावून वास घे, ओल लपत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी लिहितेय, कारण ती लिहिताना अजून हात थरथरतो. आमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, नव्हतं. "दोन महिन्यांत ओसी येतेय," असं बिल्डर म्हणाला आणि आम्ही विश्वास ठेवला. ओसी नाही म्हणून पालिकेचा नळ नाही; अकरा वर्षं आम्ही टँकरचं पाणी प्यायलो. पहाटे साडेचारला हॉर्न वाजला की सगळा जिना हंडे घेऊन खाली धावायचा. तुझ्या आजीचं उजवं मनगट त्या हंड्यांनी गेलं, ते शेवटपर्यंत सरळ झालं नाही. बिल्डरने फोन उचलणं कधीच बंद केलं होतं.

आता कायदा तुझ्या बाजूने आहे. नवीन घर असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघ. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या घराला ओसीची प्रत सोसायटीकडून घे, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हेही विचार.

कुठेही टोकन देण्याआधी ती ओसीची प्रत मला पाठव. मी स्वतः येऊन बघेन, पण प्रत हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस.

तुझी,
सुमन आत्या