त्रिएस्तहून दादाला

त्रिएस्त, सोमवार

प्रिय दादा,

सुखरूप पोचले. खोलीच्या खिडकीतून एड्रियाटिक समुद्र दिसतो. मी आलेय ती संस्था अब्दुस सलामांनी १९६४ साली उभारली ती विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांसाठी, आणि जेवणाच्या टेबलावर ते लगेच कळतं. जो तो आपल्या देशातल्या मशीनवर लॉगिन करायला धडपडतोय.

पुण्यातल्या आपल्या क्लस्टरचंही तेच. पिंग व्यवस्थित येतं, पण एसएसएचचं लॉगिन रखडतं. ‘-v’ लावून बघितलं तर किल्ल्यांची देवाणघेवाण झटपट होते, खोळंबा होतो तो ओळख पटवताना. म्हणजे लाइनचा दोष नाही. सर्व्हर माझ्या आयपी पत्त्यामागचं नाव डीएनएसला विचारतो, उत्तर येत नाही, पाच सेकंद थांबून पुन्हा विचारतो. ओपनएसएसएचने २०१५ पासून ही चौकशी मुळातच बंद ठेवली आहे. आपल्या सर्व्हरच्या जुन्या सेटिंग फाइलमध्ये ती चालू आहे. ‘यूझडीएनएस’पुढे ‘नो’ लिहून सेवा रीस्टार्ट कर.

त्रिएस्त, गुरुवार

प्रिय दादा,

लॉगिन आता चटकन होतंय, थँक्यू! आज बोरा सुटलाय. डोंगरावरून समुद्राकडे येणारा हा गार वारा माणसाला रस्त्यावर धड उभं राहू देत नाही, म्हणून दिवसभर कामच केलं.

लॅपटॉपवरून ज्युलिया भाषेतल्या प्रोग्रॅमचे ६४ वर्कर सुरू केले, तर काही आलेच नाहीत. सगळ्या जोडण्या लॉगिन नोडमधूनच जातात, आणि ओळख न पटलेल्या १० जोडण्या झाल्या की तिथला एसएसएच पुढच्यांतल्या निदान ३० टक्के वाटेल तशा तोडतो. ज्युलिया ६० सेकंद वाट बघून वर्करचा नाद सोडते. जे आले, त्यांचा प्रत्येक बारीकसारीक निरोप पुणे–त्रिएस्त ये-जा करत होता. सरळ रेषेत सहा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ६० मिलिसेकंद तर लागणारच, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नाही. इथे कुठलंही सेटिंग कामाचं नाही.

म्हणून मुख्य प्रोसेसच पुण्याला हलवली: लॉगिन नोडवर टीमक्स उघडलं आणि ज्युलिया तिथूनच चालवली. आता समुद्र ओलांडतो तो फक्त स्क्रीनवरचा मजकूर. वायफाय तुटलं तरी काम सुरू राहतं.

तेवढी जोडण्यांची ‘मॅक्सस्टार्टअप्स’ ही मर्यादा वाढव. आणि नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांग, की मुख्य प्रोसेस घरच्या लॅपटॉपवर ठेवू नका, वर्करच्या शेजारी ठेवा.

तुझी,
धाकटी